वाडा वारशाने मिळतो. पाप मिळते काय?



साकोलीच्या बाजूच्या एका खेड्यात पौर्णिमेची वंदना आटोपली आणि एक प्रश्न निघाला. गावच्या जुन्या मालगुजाराचा पणतू सध्या नागपूरला नोकरीला आहे. विहाराच्या वाचनालयासाठी दोन कपाटे आणि पुस्तके द्यावीत, असे त्याच्या मनात आले. निरोप नम्र होता. घ्यावे की न घ्यावे, एवढेच ठरवायचे होते.

भिंतीला टेकून बसलेली एक आजी उठली. म्हणाली, "माह्या आज्याच्या घामाचं हाय ते. त्याचंच आमाले दान देते का तो?" तिचा आजा त्या वाड्यावर सालदार होता. साल संपले तरी कर्ज फिटत नसे, म्हणून पुढचे साल धरावे लागे. सणासुदीला, लग्नकार्याला वेठ वेगळीच. एका कॉलेजातल्या पोराने तिला उत्तर दिले, "पन आजी, त्याचा काय गुन्हा? तो त तवा जन्मला बी नवता."

सभा दोन भागांत वाटली गेली. निर्णय पुढच्या पौर्णिमेवर टाकून आम्ही उठलो.

वाचकहो, तुम्ही त्या सभेत असता तर कोणाच्या बाजूने हात वर केला असता? उत्तर देण्याची घाई करू नका. मी तुमच्यापुढे एका दूरच्या घराण्याची हकिकत ठेवतो. परक्याच्या घराचा हिशेब मांडताना माणसाचा तोल जात नाही. तो हिशेब नीट जमला, की तोच आपल्या गावाला लावून पाहू.

ब्रिटनच्या उत्तर भागाला स्कॉटलंड म्हणतात. तेथे वेडरबर्न नावाचे एक उमराव घराणे होते. 'सर' हा किताब त्यांच्यात बापाकडून मुलाकडे चालत येई. १७४५ मध्ये तेथे इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड झाले. घराण्याचा प्रमुख सर जॉन वेडरबर्न त्या बंडात सामील झाला, १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईनंतर पकडला गेला आणि लंडनमध्ये फासावर चढला. जमीन जप्त झाली, किताबही गेला. त्याचा मुलगा, त्याचेही नाव जॉनच, तेव्हा सतरा वर्षांचा होता. बापाला सत्तेने फाशी दिलेला हा निर्धन पोर जहाजात बसून वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर गेला. मागोमाग त्याचा भाऊ जेम्सही तेथे पोहोचला.

सत्तेचा जुलूम ज्याने स्वतः भोगला, तो दुसऱ्याचे दुःख ओळखील, असे आपल्याला वाटते. जॉनने काय केले? जमैकात उसाचे मळे होते आणि ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या पाठीवर चालत होते. जॉन त्या मळ्यांचा मालक बनला आणि गबर झाला. त्याने एका गुलाम वाहणाऱ्या जहाजावरून आलेला एक आफ्रिकी मुलगा विकत घेतला. मुलाला नाव मिळाले जोसेफ नाइट. 'नाइट' हे त्या जहाजाच्या कप्तानाचे आडनाव. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावे कचऱ्या आणि धोंड्या अशी ठेवली जात, त्यांना या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१७६९ मध्ये जॉन स्कॉटलंडला परतला तो जोसेफला घेऊनच. घरकामाला ठेवले, खायला दिले, कपडे दिले, थोडे लिहा-वाचायला शिकू दिले, बाप्तिस्मा होऊ दिला. जॉनच्या दृष्टीने तो मोठा दयाळू मालक होता. पण अक्षर मोठे धोक्याचे असते. १७७२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने जेम्स सॉमरसेट या गुलामाच्या बाजूने निकाल दिला: मालकाला त्याला बळजबरीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही. ही बातमी वर्तमानपत्रातून जोसेफपर्यंत पोहोचली. त्याने त्याच घरातील मोलकरणीशी लग्न केले होते. त्याने मजुरी मागितली, स्वातंत्र्य मागितले. दयाळू मालकाने त्याला पकडून आणवले.

खटला उभा राहिला. पर्थच्या दंडाधिकाऱ्यांनी मालकाच्या बाजूने कौल दिला. जोसेफ थांबला नाही. तो शेरीफच्या, म्हणजे त्या भागाच्या न्यायाधीशाच्या, न्यायालयात गेला आणि तेथे जिंकला. मग जॉनने एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयात अपील केले. १७७८ मध्ये त्या न्यायालयाने निकाल दिला की स्कॉटलंडच्या कायद्यात गुलामीला जागा नाही. जोसेफ नाइट मुक्त झाला.

येथे क्षणभर थांबा. जॉनचे म्हणणे होते, मी याला सांभाळले. जोसेफचे म्हणणे होते, सांभाळण्याचा हक्क तुला दिला कोणी? दयेचा प्रश्न नव्हताच. प्रश्न मालकीचा होता. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत. शस्त्रे, मांस, मद्य आणि विष यांच्या जोडीला जिवांचा व्यापार त्यात आहे. विकत घेतलेल्या माणसाला पोटभर जेवू घातले, म्हणून तो व्यापार शुद्ध होत नाही.

आता जॉनचा भाऊ जेम्स. त्याने जमैकात रोझॅना नावाच्या गुलाम स्त्रीला भोगले. ती गरोदर असताना तिला विकून टाकले. होणारे मूल स्वतंत्र असेल, एवढी अट त्या विक्रीत होती. ती नसती तर मूलही गुलामच ठरले असते, कारण तेथला कायदा असा की आई गुलाम तर लेकरू गुलाम. १७६२ मध्ये मुलगा जन्मला. त्याचे नाव रॉबर्ट वेडरबर्न. आजीने त्याला वाढवले. त्या म्हाताऱ्या आजीला चाबकाने मारताना त्याने लहानपणी पाहिले. मोठा झाल्यावर तो जहाजावर चढला आणि लंडनला येऊन शिंपीकाम करू लागला.

पुढे गरिबीने गांजून तो एकदा स्कॉटलंडला आपल्या बापाच्या दारी गेला. बापाने त्याला मुलगा म्हणून ओळख दिली नाही. घरच्या नोकराने हलक्या दारूचा एक घोट आणि एक मोडके सहा पेन्सांचे नाणे हातावर ठेवले. रॉबर्टने लिहिले, भाषणे केली, गुलामांच्या मुक्तीसाठी आणि गरिबांच्या जमिनीसाठी आवाज उठवला. धर्मनिंदेच्या आरोपावरून १८२० मध्ये दोन वर्षांची कैद झाली. त्याचा सावत्र भाऊ, जेम्सचा औरस मुलगा, वर्तमानपत्रातून म्हणू लागला की हा आमच्या बापाचा नव्हेच. रॉबर्टने १८२४ मध्ये 'द हॉरर्स ऑफ स्लेव्हरी', म्हणजे गुलामगिरीची भीषणता, हे पुस्तक छापून सगळी कथा जगापुढे मांडली.

तिसरा माणूस आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला. सर विल्यम वेडरबर्न. जोसेफ नाइटला विकत घेणाऱ्या जॉनचा हा सख्खा नातू. विल्यमचे वडील आणि शिंपी रॉबर्ट हे चुलतभाऊ लागत. विल्यमचा जन्म १८३८ चा. त्याच वर्षी ब्रिटिश वसाहतींतील गुलामांची शेवटची बेडी तुटली.

विल्यमच्या घरावरही आघात झाला. त्याचा थोरला भाऊ हिंदुस्थानात अधिकारी होता. १८५७ च्या उठावात हिसार येथे तो, त्याची बायको आणि लेकरू मारले गेले. या देशाचा द्वेष करायला विल्यमला याहून मोठे कारण लागले नसते. तरी १८६० मध्ये तो मुंबई इलाख्यात सरकारी नोकरीत आला आणि १८८७ पर्यंत राहिला. दख्खनचा शेतकरी सावकाराच्या जबड्यात सापडला आहे हे त्याने पाहिले. पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांसाठी पेढी काढण्याची योजना त्याने पुढे केली. लंडनच्या वरिष्ठांनी ती अडवली. निवृत्तीनंतर तो १८८९ मध्ये मुंबईच्या आणि १९१० मध्ये अलाहाबादच्या काँग्रेस अधिवेशनाचा अध्यक्ष झाला. १८९३ ते १९०० तो ब्रिटनच्या लोकसभेत होता. तेथे हिंदुस्थानची बाजू मांडण्यात त्याने आयुष्य आणि पदरचा पैसा घातला. १९१८ मध्ये तो वारला.

आता हिशेब मांडा. जॉनचा बाप सत्तेने मारला. जॉन गुलामांचा मालक झाला. विल्यमचा भाऊ इथल्या लोकांनी मारला. विल्यम इथल्या लोकांचा मित्र झाला. रॉबर्टच्या आईला त्याच्या बापाने विकले. रॉबर्ट मुक्तीचा प्रचारक झाला. तिघेही एका घराण्याचे, एका रक्ताचे. रक्तात पाप असते तर विल्यम असा का निपजला? रक्तात पुण्य असते तर जॉन असा का झाला? आणि दुःख भोगल्याने माणूस आपोआप शुद्ध होत असता, तर फासावर गेलेल्या बापाचा मुलगा सगळ्यांत शुद्ध व्हायला हवा होता.

तथागतांनी वसल सुत्तात हेच शिकवले आहे. नीचपणा जन्माने येत नाही, श्रेष्ठपणाही जन्माने येत नाही. माणूस घडतो तो त्याच्या कृतीने. हे वचन आपण आनंदाने ऐकतो, कारण ते आपल्याला मोकळे करते. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले की तुमचा हा जन्म मागच्या पापाचे फळ आहे. बाबासाहेबांनी आपल्याला त्या खोट्या हिशेबातून बाहेर काढले. पण जे वचन आपल्याला मोकळे करते, तेच मालगुजाराच्या पणतवालाही मोकळे करते. आपला जन्म हे पाप नाही असे म्हणायचे आणि त्याचा जन्म पाप आहे असेही म्हणायचे, तर आपण जुनाच धर्म नव्या नावाने पाळतो आहोत. कॉलेजातला पोरगा बरोबर बोलला.

मग आजी चुकली काय? नाही, बंधूंनो. पाप वारशाने येत नाही, पण पापातून उभा राहिलेला वाडा वारशाने येतो.

ब्रिटनच्या लोकसभेने १८३३ मध्ये गुलामी रद्द करण्याचा कायदा केला. तो १८३४ मध्ये अमलात आला, पण शिकाऊ मजुरीच्या नावाखाली त्या माणसांना १८३८ पर्यंत राबवले गेले. सुमारे आठ लाख माणसे सुटली. त्यासाठी सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. कोणाला? मालकांना! ज्यांच्या पाठी फाटल्या त्यांना एक पैसाही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा २०१५ मध्ये फिटला. म्हणजे गुलामांच्या वंशजांनीही ब्रिटनमध्ये कर भरून आपल्या पूर्वजांच्या मालकांची भरपाई फेडली.

आपल्याकडे पाहा. १८६० नंतरच्या जमाबंदीत इंग्रजांनी मध्य प्रांतातील मालगुजारांना गावांची मालकी दिली. १९५० च्या कायद्याने १९५१ मध्ये मालगुजारी संपली. मालगुजारांना नुकसानभरपाई मिळाली आणि त्यांची घरखेती त्यांच्याकडेच राहिली. सालदाराला काय मिळाले? गावाबाहेरची तीच झोपडी आणि सावकाराच्या वहीतले तेच नाव.

म्हणून पणतवाला विचारायचा प्रश्न "तू पापी आहेस काय?" हा नव्हे. प्रश्न असा आहे: "तुझ्या हाती जे आले, ते कोठून आले हे तू पाहिलेस काय?" हा प्रश्न आपल्या धानाच्या बांधावरचा कोणीही समजेल. बापाने शेत गहाण टाकले असेल, तर शेत घेणारा मुलगा गहाणही घेतो. कर्ज त्याने काढलेले नसते. तरी शेत माझे आणि कर्ज बापाचे, असे त्याला म्हणता येत नाही. शेत सोडले तर कर्जही सुटते. यात शिक्षा कोणालाच नाही, हा फक्त सरळ व्यवहार आहे.

हा व्यवहार आज काही लोक करू लागले आहेत. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांचे नाव त्याला दिले, ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या स्कॉटलंडमधील घराण्याची जमैकात रोझेल नावाच्या मळ्यात भागीदारी होती. तो मळा गुलामांच्या श्रमावर चालत होता. त्या घराण्यातील मुलीचा मुलगा, पत्रकार अलेक्स रेंटन, याने घरातील जुनी कागदपत्रे उघडून २०२१ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि आपल्याच पूर्वजांचा हिशेब जाहीर केला. २०२३ मध्ये ट्रेव्हेलियन घराण्यातील लोक ग्रेनाडा बेटावर गेले, तेथे जाहीर माफी मागितली आणि शिक्षणासाठी एक लाख पौंड देऊ केले. एवढ्याने हिशेब फिटत नाही. पण आधी वही उघडावी लागते. ती त्यांनी उघडली.

भल्या माणसालाही एक हिशेब दिसतो आणि दुसरा दिसत नाही, हेही लक्षात ठेवा. विल्यम वेडरबर्नला शेतकऱ्याचे कर्ज दिसले, देशाचे पारतंत्र्य दिसले. पण ज्या काँग्रेससाठी तो झिजला, तिने अस्पृश्यांच्या हालअपेष्टांवर पहिला ठराव केला तो १९१७ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या महिनाभर आधी. १८९५ मध्ये पुण्यात सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप वापरू देण्यालाही विरोध झाला होता. त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्येच 'गुलामगिरी' लिहून ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली होती. दूरची गुलामी आणि दारातली गुलामी एकच आहे, हे जोतीरावांना दिसले. बाकीच्यांना दिसायला वेळ लागला.

आता तुमच्याकडे वळतो. नुकतीच धम्माची दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनो, हा आरसा आपल्यालाही आहे. आपल्यातील काहींना नोकऱ्या लागल्या, पक्की घरे झाली. घरी भांडी घासायला येणाऱ्या मुलीला आपण काय देतो? "आमच्याकडे ती घरच्यासारखीच राहते, जेवूनखाऊन आहे," हे वाक्य कोणाचे आहे ते ओळखले का? जोसेफच्या मालकाचे. धाकट्या पोटजातीची सोयरीक आली की आपली मान का फिरते? बहिणीचा शेतातला वाटा लिहून घेताना आपल्याला आजीचा घाम आठवतो काय? आपण सोसले, म्हणून आपल्या हातून जुलूम होणार नाही, असा भरवसा कोणीही धरू नये. जॉन वेडरबर्नला आठवा.

राहिला कपाटांचा प्रश्न. पुढच्या पौर्णिमेला मी असे सुचवणार आहे. कपाटे घ्यावीत, पण दान म्हणून नव्हे. थोडीशी परतफेड म्हणून घ्यावीत. त्यांवर वाड्याचे नाव कोरू नये. पणतवाने स्वतः यावे, सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसावे आणि आजी सांगेल ते ऐकून घ्यावे. वाड्यावर जुन्या वह्या उरल्या असतील तर त्या आणाव्यात. त्यांतील सालदारांची नावे उतरवून वाचनालयात लावावीत. आपल्या लेकरांना पुस्तक काढताना ती दिसली पाहिजेत.

आणि एवढे होऊनही आजीने मान हलवून नाही म्हटले तर? तर कॉलेजातल्या पोराने तिच्यावर रागावू नये. अंगुलिमाल भिक्खू झाला, त्याचे मन पालटले, तरी भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारीत. तथागतांनी त्याला ते सोसायला सांगितले. त्या लोकांना "आता विसरा" असे सांगितले नाही. माफी मागणे पणतवाच्या हाती आहे. ती देणे आजीच्या हाती आहे आणि तिला घाई करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

तुमच्या गावातही असा एखादा वाडा असेल, अशी एखादी आजी असेल. पुढच्या पौर्णिमेपूर्वी तिच्याकडे जा. तिच्या आज्याचे नाव विचारा आणि लिहून घ्या.